झाडावर वाळून राहिलेले पान काय सांगते?

मार्गशीर्ष-पौषापासून फाल्गुनापर्यंत महाराष्ट्रातील रानांचे रूप पालटत जाते. साग, पळस, सावर, पांगारा, ऐन, मोह या वृक्षांची पाने एकामागून एक पिवळी पडून गळतात आणि जमिनीवर पाचोळ्याचा थर साचतो. ही पानगळ इतकी नित्याची आहे की, तिच्याकडे कोणी विशेष लक्ष देत नाही. पान वाळले म्हणजे ते गळावयाचेच, अशी सर्वसाधारण समजूत असते.

परंतु थोडे निरखून पाहिल्यास ही समजूत सर्वस्वी खरी नाही, असे दिसून येईल. बागेतील आंब्याची एखादी फांदी अवेळी वाळते आणि तिची तपकिरी पाने आठवडेच्या आठवडे फांदीलाच लटकून राहतात. वादळात मोडलेल्या फांदीची पाने कुरकुरीत होतात, तरी झडत नाहीत. उसाचे पाचट खोडाला बिलगून राहते. थंड देशांत तर ओक व बीच यांसारखे निरोगी वृक्षही आपली मेलेली पाने सारा हिवाळा अंगावर वागवितात.

काही पाने सहज सुटून पडतात आणि काही पूर्ण वाळूनही सुटत नाहीत, असे का व्हावे? हा प्रश्न केवळ कुतूहलाचा नाही. गळलेले पान आणि लटकलेले पान यांतील भेद ज्यास कळतो, त्यास झाडाची नैसर्गिक विश्रांती कोणती व त्याचे दुखणे कोणते, हे दुरूनही ओळखता येते. बागाईतदाराच्या दृष्टीने या ओळखीचे मोल मोठे आहे.

पान गळते ते कसे?

वारा आला आणि पान तुटून पडले, असे वरवर पाहता वाटते. वस्तुतः वारा हा केवळ निमित्तमात्र असतो. पानाचा देठ फांदीला जेथे जोडलेला असतो, तेथे लहान पेशींचा एक अरुंद पट्टा असतो. त्यास विलगन-स्तर, किंवा साध्या भाषेत तुटीचा थर, म्हणता येईल. पान कामात असते तोवर हा थर निद्रिस्त असतो. पानाच्या पात्यात ऑक्सिन नावाचे संजीवक तयार होऊन देठावाटे खाली उतरत असते. आणि ते जोवर उतरत आहे, तोवर सांधा घट्ट राहतो.

पान जुने झाले, दिवस लहान झाले किंवा जमिनीतील ओल सरली, म्हणजे ऑक्सिनचा हा ओघ मंदावतो आणि इथिलीन या वायुरूप संजीवकाचा प्रभाव वाढतो. आंब्याच्या अढीत फळे पिकविणारा वायू तो हाच. इथिलीनच्या प्रभावाने तुटीच्या थरातील पेशी विशिष्ट विकरे स्रवू लागतात. या विकरांमुळे पेशींना एकमेकींशी सांधणारे पेक्टिन व पेशीभित्तिकेतील सेल्युलोज विरघळू लागते आणि सांधा सैल होतो. शेवटी पाणी वाहून नेणाऱ्या बारीक वाहिन्यांच्या आधारावर पान कसेबसे लोंबत राहते, आणि झुळूक येताच किंवा स्वतःच्याच भाराने गळून पडते. फांदीच्या बाजूस बुचासारखा संरक्षक थर तयार होत असतो. त्यामुळे पान पडल्यावर तेथे उघडी जखम राहत नाही. नुसता वण राहतो.

यातील मुख्य मुद्दा ध्यानात ठेवण्याजोगा आहे. विकरे निर्माण करणे हे जिवंत पेशींचे काम आहे. पेशी मेल्या तर विकरे नाहीत, आणि विकरे नाहीत तर सांधा सुटत नाही. म्हणजेच पान गळणे हे मरणाचे लक्षण नसून झाडाने जिवंतपणी, आपल्या सोयीने, केलेले एक कार्य आहे.

या संजीवकांचा शोध लागण्याची हकीकतही बोधप्रद आहे. एकोणिसाव्या शतकात युरोपातील शहरांत रस्त्यांवरील दिव्यांसाठी नळांतून गॅस नेत असत. नळ फुटून गॅस झिरपे, तेथील झाडे भर हंगामात पाने गाळीत. १९०१ साली नेल्युबॉव्ह या रशियन शास्त्रज्ञाने वाटाण्याच्या रोपांवर प्रयोग करून या गॅसमधील प्रभावी घटक इथिलीन असल्याचे दाखविले. पुढे १९२० च्या दशकात वेन्ट या डच शास्त्रज्ञाने ओटच्या कोंबांवर प्रयोग करून ऑक्सिनचे अस्तित्व सिद्ध केले. १९६० च्या दशकात अमेरिकेत अ‍ॅडिकॉट व त्यांच्या सहकाऱ्यांनी कापसाच्या बोंडांतून आणखी एक द्रव्य वेगळे केले आणि पान व बोंड गळण्याचे कारण तेच असावे, अशा समजुतीने त्याचे नाव पडले. तेच अ‍ॅब्सिसिक आम्ल. या आम्लाचे प्रमुख कार्य अवर्षणात पानांची रंध्रे मिटविणे आणि बियांना सुप्तावस्थेत ठेवणे हे असून पानगळीत मुख्य वाटा इथिलीनचा असतो, हे नंतरच्या संशोधनाने स्पष्ट झाले.

गळण्यापूर्वीची आवराआवर

पान टाकण्यापूर्वी झाड त्यातील उपयुक्त द्रव्ये शक्य तेवढी परत घेते. हरितद्रव्याचे विघटन होते, म्हणून पान पिवळे किंवा तांबूस दिसू लागते. पानातील नत्र व स्फुरद यांचा सर्वसाधारणपणे निम्मा भाग फांदीत व खोडात परत जातो आणि पुढील पालवीच्या कामी येतो. पालाशही काही प्रमाणात परत जाते. कॅल्शियम मात्र पानातच राहते.

यावरून दोन गोष्टी उघड होतात. पहिली अशी की, आपोआप गळलेल्या पाचोळ्यापेक्षा हिरवेपणी तोडलेल्या पाल्यात नत्र अधिक असते. गिरिपुष्पाचा पाला हिरवळीच्या खतासाठी झाड हिरवेगार असतानाच छाटावा, पाने पिवळी पडण्याची वाट पाहू नये, असे सांगितले जाते ते याचसाठी. दुसरी अशी की, जी फांदी एकाएकी वाळते, तिच्या पानांतील द्रव्ये झाडाला परत मिळत नाहीत. तेथे झाडाचे दुहेरी नुकसान होते : फांदीही जाते आणि पानांतील ठेवही जाते.

मोडलेल्या फांदीची साक्ष

वरील विवेचनाची खात्री कोणासही आपल्या अंगणात करून घेता येईल. हिवाळ्यात ज्याची पाने लाल होऊन गळतात, असे देशी बदामाचे झाड या कामी सोयीचे पडेल. पाने हिरवी असतानाच त्याची एक लहान फांदी मोडावी आणि त्याच झाडाला सुतळीने बांधून ठेवावी. काही आठवड्यांनी झाडाची स्वतःची पाने लाल होऊन खाली पडतील. बांधलेल्या फांदीची पाने मात्र तपकिरी होऊन तिलाच चिकटून राहतील. ऊन तेच, वारा तोच. अंतर एवढेच की, मोडलेल्या फांदीतील पेशी तुटीचा थर कामाला लागण्यापूर्वीच मरून गेल्या.

कोकणातील शेतकरी हे तत्त्व पिढ्यान्‌पिढ्या वापरीत आला आहे. भाताच्या रोपांसाठी राब भाजावयाचा असतो, तेव्हा ऐनासारख्या झाडांचे टहाळ किंवा कवळ नैसर्गिक पानगळीपूर्वीच तोडून वाळत टाकतात. हिरवेपणी तोडलेल्या टहाळांची पाने वाळूनही काडीला धरून राहतात, त्यामुळे भारे बांधून ती शेतावर नेता येतात. तोडणीस उशीर झाला, तर हाती नुसत्या काटक्या येतात.

डोळा भरणाऱ्या माळ्याची खूण

रोपवाटिकेतील अनुभवी माळी याच तत्त्वाच्या आधारे आपल्या कामाची परीक्षा करतात. गुलाब, बोर अथवा लिंबूवर्गीय झाडांवर डोळा भरताना, डोळा-काडीवरील पानाचे पाते कापून देठाचा छोटा तुकडा डोळ्याजवळ राखण्याची पद्धत आहे. तो डोळा हाताळण्यास सोयीचा पडतोच. पण त्याचा खरा उपयोग पुढे होतो. दोन-तीन आठवड्यांनी माळी त्या देठाला बोटाने हलकेच स्पर्श करतो. देठ पिवळा होऊन अलगद गळून पडला, तर डोळा जिवंत आहे, तो खुंटाशी एकजीव झाला, असे तो समजतो. देठ काळा पडून, सुरकुतून, डोळ्यालाच चिकटून राहिला, तर डोळा मेला असे समजून तो त्या खुंटावर पुन्हा डोळा भरतो.

ही खूण अचूक का ठरते, हे आता सहज उमगेल. पाते कापल्याने देठाला मिळणारे ऑक्सिन बंद झाले. डोळा जिवंत असेल, तर देठाच्या बुडाशी असलेला तुटीचा थर आपले काम पुरे करतो आणि देठ गळतो. डोळा मेला असेल, तर ते काम करण्यास कोणी उरतच नाही. गळणे हे जीवनाचे आणि चिकटून राहणे हे मरणाचे चिन्ह, असा हा उलट दिसणारा पण खरा न्याय आहे.

थंड देशांतील ओक व बीच

हा न्याय सर्वत्र लागू पडतो, तर मग युरोपातील व उत्तर अमेरिकेतील काही निरोगी झाडे हिवाळाभर वाळकी पाने का धरून ठेवतात, असा प्रश्न साहजिकच उद्भवतो. ओक, बीच व हॉर्नबीम ही त्यांतील प्रमुख उदाहरणे होत. आश्विन-कार्तिकाच्या सुमारास त्या देशांतील इतर झाडे उघडी होतात. या झाडांची पाने मात्र तपकिरी होऊन फांद्यांवरच राहतात आणि बर्फाच्या वाऱ्यात सळसळत असतात. वसंतात नवीन कळ्या फुगू लागल्या, म्हणजे ती गळून पडतात. या प्रकारास इंग्रजीत मार्सेसन्स म्हणतात. कोमेजणे या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून हे नाव आले आहे. हिमालयातही ओक आहेत. परंतु तेथील बान ओक सदाहरित असल्याने त्यावर हा देखावा दिसत नाही.

या वृक्षांच्या बाबतीत वरील नियम मोडत नाही. तो फक्त लांबणीवर पडतो. पानाचे पाते मरते, पण देठाच्या अगदी तळाशी असलेल्या पेशी हिवाळाभर जिवंत राहतात. तुटीचा थर शरद ऋतूत आपले काम पुरे करीत नाही. ते काम वसंतात पुरे होते आणि मग पान गळते. म्हणजे येथेही पान सोडणारा हात जिवंतच असतो. तो काही महिने थांबलेला असतो, एवढेच.

अशी पाने सर्व झाडांवर सारखी राहत नाहीत. लहान वयाची झाडे ती भरपूर धरून ठेवतात, तर मोठ्या झाडांवर ती बहुधा खालच्या व आतील फांद्यांवर दिसतात. शेंडा मोकळा होतो. याचे कारण असे की, वृक्षाचा खालचा भाग तो लहान असताना वाढलेला असतो आणि त्याचा तरुणपणाचा धर्म पुढेही टिकून राहतो. १९५० च्या दशकात डेन्मार्कमध्ये बीच वृक्षावर या दृष्टीने अभ्यास झाला. पाने धरून ठेवणाऱ्या खालच्या भागातील काड्यांची कलमे केली असता, त्या कलमांनीही पाने धरून ठेवली. आपल्याकडील आंबा-बागाईतदारास हे नवल वाटू नये. कोयीपासून वाढलेले झाड अनेक वर्षे बाळपणातच राहते आणि फळास उशीर लावते. उलट फळत्या झाडाच्या काडीचे कलम लवकर फळते, कारण काडी आपले प्रौढपण बरोबर घेऊन येते. इंग्लंडमध्ये बीचचे कुंपण दरसाल छाटून ठेंगणे ठेवतात. ते तपकिरी पानांनी हिवाळाभर दाट राहते व वाऱ्यास आडोसा करते, त्याचे कारणही हेच होय.

पाने धरून ठेवण्याने झाडाचा काय लाभ होतो, याविषयी शास्त्रज्ञांत एकच एक मत नाही. एक मत असे की, वाळक्या पानांच्या आड कळ्या लपून राहिल्याने हरणांसारखे प्राणी त्या कमी खातात. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या डेन्मार्कमधील एका प्रयोगात बीच व हॉर्नबीम यांच्या वाळकी पाने काढून टाकलेल्या फांद्या हरणांनी अधिक पसंत केल्या, यावरून या मतास पुष्टी मिळते. दुसरे मत असे की, शरदात गळलेल्या पानांतील द्रव्ये पावसाने व बर्फाच्या पाण्याने वाहून जाण्याचा धोका असतो; वसंतात गळलेले पान मुळे कामाला लागण्याच्या वेळीच जमिनीस मिळते. दाट पानांमुळे कळ्यांचे थंड व कोरड्या वाऱ्यापासून रक्षण होत असावे, असेही काही मानतात. वेगवेगळ्या जातींत वेगवेगळे कारण प्रबळ असणे शक्य आहे.

महाराष्ट्रातील झाडांपुढे अशी अडचण नसते. येथील पानगळ प्रामुख्याने थंडीमुळे नव्हे, तर ओल कमी झाल्यामुळे होते. पानांवाटे पाणी उडून जाऊ नये म्हणून झाड ती टाकून देते. कोरड्या माळावरील साग लवकर उघडा होतो आणि ओढ्याकाठचा उशिरापर्यंत हिरवा दिसतो, तो याचमुळे. तेव्हा आपल्याकडील बागेत वाळकी पाने फांदीवर दीर्घकाळ लटकलेली दिसली, तर ओक-बीचसारखा स्वभाव म्हणून तिकडे दुर्लक्ष करणे योग्य होणार नाही.

ऊस व केळी यांची गोष्ट निराळी

येथे एक अपवाद सांगितला पाहिजे. ऊस, ज्वारी, मका व केळी या एकदल वनस्पतींच्या पानांना आंब्या-सागासारखा तुटीचा थर नसतो. त्यांची पाने आवरणासारखी खोडाला वेढून असतात आणि वाळल्यावरही तेथेच राहतात. उसाच्या बुडाकडील वाळलेले पाचट किंवा केळीच्या खांबाभोवती लोंबणारी जुनी पाने हे रोगाचे लक्षण नव्हे. तो त्या पिकाचा धर्म आहे. झाड जे काम करीत नाही, ते शेतकऱ्यास हाताने करावे लागते, एवढाच त्याचा अर्थ.

केळीची वाळलेली व करप्याने ग्रासलेली पाने वेळोवेळी कापून बागेबाहेर नेऊन नष्ट करावीत. त्यामुळे बागेत हवा खेळती राहते व करप्याच्या बीजाणूंचा प्रसार कमी होतो. उसाचे पाचट मात्र जाळू नये. एक हेक्टर उसापासून सुमारे ८ ते १० टन पाचट मिळते. ते सरीत पसरून कुजविल्यास जमिनीतील ओल टिकते, तण दबते आणि सेंद्रिय कर्बात भर पडते. पाचट पेटविल्यास त्यातील सेंद्रिय पदार्थ व नत्र जवळजवळ सर्वच हवेत निघून जाते.

औषधाने पाने गाळताना

फवारणी करून पाने गाळण्याची पद्धत काही पिकांत रूढ आहे. अमेरिकेत कापूस यंत्राने वेचतात, त्यापूर्वी पाने गाळणारी द्रव्ये फवारतात. तेथील शेतकऱ्यांस एक अनुभव नेहमी येतो : द्रव्याची मात्रा वाजवीपेक्षा जास्त झाली, तर पाने गळण्याऐवजी जागच्या जागी करपतात आणि झाडावरच अडकून राहतात. पुढे ती कुरकुरीत पाने कापसात मिसळून त्याची प्रत उतरवितात. पान गळावयाचे असेल तर सांधा सुटेपर्यंत ते जिवंत राहिले पाहिजे. एकदम मारले तर ते सुटत नाही.

महाराष्ट्रात डाळिंबाचा बहार धरताना बागेस पाण्याचा ताण देऊन, नंतर इथेफॉन फवारून पानगळ करतात. इथेफॉनपासून झाडात इथिलीन सुटते व तुटीचा थर कामाला लागतो. येथेही तोच नियम आहे. ताणाने पाने पिवळसर झाली असावीत, पण करपून मेलेली नसावीत. मात्रा वाढविली म्हणजे काम लवकर होईल, या समजुतीने ती मनाने वाढवू नये. ताण किती बसला आहे, झाडाचे वय किती आहे व पाने किती उरली आहेत, हे पाहून कृषी विद्यापीठाच्या अथवा सोलापूर येथील राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्राच्या शिफारशीप्रमाणे ती ठरवावी. जास्त मात्रेने कोवळ्या काड्याही वाळतात आणि बहाराचे नुकसान होते.

बागेत वाळकी पाने लटकलेली दिसल्यास

आंबा सदाहरित आहे. त्याची जुनी पाने थोडी थोडी करून वर्षभर गळत असतात. एखाद्या फांदीची सर्व पाने एकदम वाळण्याचा प्रसंग निरोगी झाडावर येत नाही. म्हणून हिरव्या आंब्यावर एकच तपकिरी फांदी दिसली, तर ती फांदी पानगळीस लागलेली नसून मेली किंवा मरत आहे, असे समजावे. अशा वेळी पुढील गोष्टी तपासाव्यात.

पहिली गोष्ट, फांदी शेंड्याकडून खाली वाळत आली आहे काय? पानांच्या कडा वरच्या बाजूस वळून ती आगीने होरपळल्यासारखी दिसत असतील व काडीवर टिकून असतील, तर तो शेंडेमर रोग असण्याचा संभव आहे. वाळलेल्या भागाखाली सुमारे ७ ते १० सेंटिमीटर निरोगी भाग घेऊन फांदी कापावी व ती जाळून टाकावी. कापलेल्या जागेवर बोर्डो पेस्ट लावावी. त्यासाठी १ किलो मोरचूद व १ किलो चुना वेगवेगळे भिजवून, एकत्र करून, एकूण १० लिटर पाण्यात मिश्रण करावे. भांडे लोखंडी घेऊ नये. प्लास्टिकचे किंवा मातीचे घ्यावे.

दुसरी गोष्ट, फांदीच्या किंवा खोडाच्या सालीला भोके पडून त्यांतून भुसा बाहेर आला आहे काय? तसे असल्यास आत खोडकिडा, म्हणजे कोकणात ज्यास भिरूड म्हणतात ती कीड, पोखरीत आहे. बारीक तारेच्या आकड्याने अळी बाहेर काढून मारावी, भोकात रॉकेलमध्ये बुडविलेला बोळा घालावा आणि ओल्या मातीने तोंड लिंपून घ्यावे. एका फांदीवरून ओळख पटली, तर खोड वाचते. खोड पोखरले गेल्यावर सारे झाड हातचे जाते.

तिसरी गोष्ट, डाळिंबाच्या बागेत एखादी फांदी प्रथम पिवळी पडून व माना टाकून वाळली आणि थोड्याच आठवड्यांत तोच प्रकार साऱ्या झाडावर दिसू लागला, तर मर रोगाचा संशय धरावा. खोड आडवे कापून पाहिल्यास आतील लाकडावर तपकिरी-करड्या रंगाचे डाग आढळतात. हा रोग मातीतून, पाण्याबरोबर व मुळांच्या परस्परसंपर्काने शेजारच्या झाडांकडे जातो. मेलेले झाड मुळांसकट उपटून बागेबाहेर जाळावे, ते ओढीत नेऊ नये. रोगी झाडाभोवती चर काढून शेजारच्या झाडांशी मुळांचा संपर्क तोडावा आणि पुढील उपायांसाठी कृषी विभागाच्या स्थानिक अधिकाऱ्याचा सल्ला विनाविलंब घ्यावा.

शेतातील पिकांसही हीच दृष्टी उपयोगी पडते. तूर पक्व होऊ लागली की तिची खालची पाने आपोआप पिवळी होऊन गळतात. त्यात काळजीचे कारण नाही. परंतु शेंगा भरण्यापूर्वीच एखादे झाड उभ्याउभ्या कोमेजून वाळले आणि खोड चिरल्यावर आत काळसर रेषा दिसल्या, तर तो मर रोग होय. अशा शेतात पुढील काही हंगाम तूर घेऊ नये व घेतल्यास मररोग-प्रतिकारक वाणच पेरावा.

वाळके दिसणारे प्रत्येक पान मात्र मेलेल्या फांदीचेच असते, असे नाही. पावसाळ्याच्या उत्तरार्धात सागाची पाने झाडावरच जाळीदार व तपकिरी दिसू लागतात. हे काम पाने कुरतडणाऱ्या अळीचे असते. फांदी जिवंत असते. संशय आल्यास नखाने सालीचा एक पापुद्रा काढून पाहावा. आत हिरवे व ओलसर असेल तर फांदी जिवंत आहे. कोरडे व तपकिरी असेल तर ती मेली आहे. या साध्या परीक्षेस पैसा लागत नाही, की वेळ लागत नाही.

परदेशांतील सफरचंद व नासपती यांच्या बागांतही ही खूण वापरात आहे. तेथे फायर ब्लाइट हा जिवाणूजन्य रोग फांदी इतक्या वेगाने मारतो की, काळी पडलेली पाने तशीच चिकटून राहतात. हिवाळ्यात सर्व झाडे उघडी झाली, म्हणजे ज्या काड्यांवर पाने उरली असतील, त्याच रोगी म्हणून छाटणीसाठी हेरल्या जातात. आपल्याकडेही सीताफळासारख्या पानझडी फळझाडांच्या बागेत पानगळ संपल्यावर एक फेरी मारावी. सारे झाड उघडे असता एखाद्याच काडीवर वाळकी पाने राहिली असतील, तर ती काडी नखाने पारखावी व मेलेली आढळल्यास छाटून टाकावी.

झाड बोलत नाही, अशी म्हण्याची रीत आहे. तथापि ज्यास पाहण्याची सवय आहे, त्याच्याशी ते पानांच्या द्वारे बोलत असते. पायाशी पडलेला पाचोळा पाहून शेतकऱ्याने निश्चिंत असावे. झाडाने तो विचारपूर्वक आवरासावर करून टाकला आहे, तो आळ्यात पसरून जमिनीस परत द्यावा. परंतु हिरव्या झाडावर अवेळी लटकलेले वाळके पान दिसले, तर ते वाऱ्याने आपोआप पडेल म्हणून वाट पाहत बसू नये. ते सोडण्याचे बळ त्या फांदीत उरलेले नाही. त्याच दिवशी फांदीपाशी जावे, साल पारखावी, भुसा पाहावा आणि जरूर तर करवत चालवावी. एक फांदी वेळेवर गेली, तर पुष्कळदा सबंध झाड वाचते.